काकांनी ग्रुप सोडला, आता पुस्तिकेचं काय?

प्रश्न : माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, मी सध्या नाशिकला असते. वय ४७. यंदा वडिलांना ७५ वर्षं पूर्ण होताहेत. श्रावणात कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद गावी जमतात, तेव्हा लहानपणीच्या गमतीजमतींची एक छोटी पुस्तिका सगळ्यांच्या हातात द्यावी असं मनात आहे. बारा प्रसंग लिहून झाले. त्यातला एक घरच्या ग्रुपवर टाकला (ग्रुपवर आम्ही ४३ जण आहोत). १९८८ च्या उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या सपाट मातीच्या छतावर) वाळत घातलेल्या कुरडया मी आणि भावाने राखणीला बसून खाल्ल्या आणि नाव आलं खाली ओसरीत झोपलेल्या धाकट्या काकांवर. आईने त्यांना सगळ्यांसमोर बोल लावला. तेव्हापासून ते 'कुरडईकाका'. ग्रुपवर सगळे खूप हसले आणि त्याच रात्री काका ग्रुपमधून बाहेर पडले. ते आता ६६ वर्षांचे आहेत. वडील म्हणतात, "सोड, तो तसाच आहे." चुलतभाऊ म्हणतो, कुरडया नव्हत्याच, पापड होते. माझी १५ वर्षांची मुलगी वाचून म्हणाली, "यात हसायचं काय होतं?" तोंडी सांगते तेव्हा घर डोक्यावर घेतात, कागदावर मात्र पाणीपाणी होतं. काकांना विनोद कळत नाही म्हणून प्रसंग काढू का? नावं बदलू का? घरात बोलतात ती अहिराणी ठेवू की शुद्ध लिहू? की हा नादच सोडून देऊ?

उत्तर : ताई, नाद सोडू नका. पण 'काकांना विनोद कळत नाही' हे वाक्य सोडून द्या. ते बाजूला ठेवून तुमचंच पत्र पुन्हा वाचा. कुरडया खाल्ल्या तुम्ही दोघांनी, बोलणी खाल्ली काकांनी आणि टोपणनाव चिकटलं तेही काकांनाच. खाणारे कोण होते हे त्यांना आजवर कुणी सरळ सांगितलं होतं का? पत्रात तसा उल्लेख नाही. नसेल सांगितलं, तर त्या संध्याकाळी तुमच्या लेखी ती गंमत होती आणि त्यांच्या लेखी अडतीस वर्षांनी लागलेला निकाल. तोही फोनवर, हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेखाली, जावई-सुनांच्या देखत. माणूस ग्रुप सोडेल नाही तर काय करेल?

तेव्हा पहिलं काम लिहिण्याचं नाही, जाऊन भेटण्याचं आहे. कानबाईच्या दिवशी हा विषय काढू नका. त्या दिवशी सगळे भाऊबंद घरात असतात, तुम्ही चारचौघांत विचारलंत की त्यांना "जाऊ दे गं" म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि तसली परवानगी परवानगी नसते. नागपंचमीनंतरच्या त्या रविवारच्या निदान महिनाभर आधी जा. शक्यतो भावाला बरोबर घ्या, खाणारा तोही होता. "मस्करीत लिहिलं होतं" अशी सुरुवात करू नका, त्याने सगळा भार पुन्हा त्यांच्याच मनमोठेपणावर जातो. "काका, कुरडया आम्ही खाल्ल्या होत्या, तेव्हाच सांगायला पाहिजे होतं," एवढं म्हणा आणि गप्प बसा. पुस्तिकेचं नाव त्या भेटीत स्वतःहून काढू नका. काकांनीच विचारलं तर कागद दाखवा.

त्यानंतर वाटा दोनच. ते म्हणाले "नको", तर प्रसंग काढायचा, अकरा उरतात आणि अकरा पुष्कळ झाले. ते म्हणाले "मग माझंही ऐक", तर तुमच्या पानासमोरच्या पानावर त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्या नावाने छापा. आई त्यांना बोलली तेव्हा ते गप्प का राहिले, हे तुम्हाला ठाऊक नाही. कदाचित त्यांना शिडीवरून उतरणारे चार पाय दिसले असतील. नावं बदलण्याचा मात्र काही उपयोग नाही. ४३ जणांच्या घरात 'एक काका' म्हटल्याने कुणाची ओळख लपते? ती सोय बाहेरच्या वाचकांसाठी असते.

वडिलांच्या "सोड, तो तसाच आहे" वरही फार विसंबू नका. मोठा भाऊ धाकट्याबद्दल असंच बोलतो.

आता मुलीचा प्रश्न. तो पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. घरातल्या गमतीला घरच्यांनी हसण्याचं कारण असं, की घराचे नियम सगळ्यांना पाठ असतात. साय कुणाच्या वाटीत जायची, रेडिओला हात कुणी लावायचा, पाहुणे आल्यावर पोरांनी कुठे बसायचं, आंब्याच्या अढीत कुणी हात घालायचा. कुठलाही घरगुती विनोद घ्या, त्याच्या बुडाशी असा एखादा नियम सापडेल आणि गंमत तो मोडण्यात असते. तोंडी सांगताना नियम सांगावा लागत नाही, समोरच्यांनी तो भोगलेला असतो. नाशिकच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला कुरडई म्हणजे दुकानातून आणलेलं पाकीट. चार कुरडया खाल्ल्या म्हणून घर का हादरलं, हे तिला कळणार कसं? म्हणून नियम आधी लिहा, मोजमापासकट लिहा आणि दोन-तीन वाक्यांत संपवा. मधेच कंस टाकून समजावलं की हसू तिथेच विरतं, शेवटी समजावलं तर उशीर झालेला असतो.

तुम्ही ग्रुपवर टाकलेलं असं आहे : "आमच्या लहानपणी खूप मज्जा यायची!! आम्ही गुपचूप कुरडया खायचो आणि ओरडा बसायचा बिचाऱ्या काकांना. आम्ही तर हसून हसून लोटपोट!" आता तुमच्याच पत्रातले तपशील घेऊन हे असं करून पाहा (ओळीतले आकडे आणि पाहुण्यांचा नियम मी नमुन्यापुरते घातलेत, खरे काय ते आईला विचारा) :

"आमच्या घरी पाहुणे आल्याशिवाय कुरडई तळली जात नसे. गहू तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदललं जायचं. मग ते वाटून, गाळून रात्रभर चीक बसू द्यायचा आणि सकाळी वरचं पाणी ओतून तो शिजवायचा. आई सोऱ्याने धाब्यावर जुन्या लुगड्यावर कुरडया घालायची, एका ओळीत दहा. राखणीला मी आणि भाऊ. काठी कावळ्यांसाठी होती. दुपारी तीनच्या सुमाराला कुरडई वरून कडक आणि आतून ओली असते. अशी खाल्ली तर आवाज होत नाही. बऱ्याच खाऊन झाल्यावर भावाने उरलेल्या लांब लांब सरकवल्या. लुगडं पुन्हा भरलेलं दिसू लागलं. ओळी मात्र सातच्या झाल्या. संध्याकाळी आई धाब्यावर गेली आणि लगेच खाली आली. शिडीच्या पायथ्याशी काका झोपले होते. त्यांना ओलांडल्याशिवाय वर जाता येत नसे, हे सगळ्या घराला माहीत होतं. 'मी तं झोपेल व्हतू, वहिनी,' काका म्हणाले."

इथेच थांबा. यात कुणी हसत नाही, 'मज्जा' नाही, 'बिचारे' नाही, उद्गारचिन्हही नाही. हसणं वाचणाऱ्यावर सोपवायचं असतं. तुम्ही आधीच हसून मोकळ्या झालात की त्याच्यासाठी काही उरत नाही. आणि दोष कुणाचा हे न बोलता कळतं, त्यामुळे काकांवर हसू येत नाही, राखणदारांवर येतं. कुणाची खिल्ली उडवायचीच तर नऊ वर्षांच्या स्वतःची उडवा, ती तक्रार करायला येणार नाही.

बाकीचे प्रसंग तपासताना ठरलेल्या खोडी दिसतील. पहिली दोन वाक्यं बहुतेक वेळा काढून टाकता येतात, प्रसंग तिसऱ्यापासून सुरू होतो. शेवटचं वाक्यही बरेचदा जादा असतं, 'असे होते ते दिवस' छापाचं. 'आजच्या मोबाइलच्या पिढीला हे काय कळणार' हे तर कुठेच नको. पुस्तिका वाचणार तीच पिढी, तिला दारातच टपली मारून आत कसं बोलावता येईल? एक प्रसंग साडेतीनशे ते साडेचारशे शब्दांत मावतो. सहाशेच्या वर जायला लागला तर त्यात दोन प्रसंग एकमेकांत अडकले आहेत असं समजा आणि वेगळे करा. मग मुलीलाच मोठ्याने वाचायला सांगा. ती जिथे अडखळेल तिथे नियम सांगायचा राहिला आहे.

चुलतभावाचे पापड. यात निवाडा करायला बसू नका. 'चुलतभाऊ अजून म्हणतो की ते पापड होते' एवढं एक वाक्य शेवटाआधी घाला, घरातला वाद हाही घराचाच भाग आहे. पण जे तपासता येतं ते तपासाच. हा प्रसंग आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यातला की आधीचा, हे आईला विचारा. आखाजी वैशाखातली, कुरडयांच्या दिवसांतलीच, आणि तेव्हा आत्या माहेरी आलेल्या असणार. म्हणजे घरात माणसं दुप्पट, पोरं तिप्पट आणि संशयितही तेवढेच. तरीही बोट थेट काकांकडे का गेलं, हा प्रश्न मग आणखी रंगतो.

साल लागत नसेल तर वयावरून हिशेब मांडू नका, आपलं वय सगळेच एक-दोन वर्षांनी चुकवतात. सगळ्यांना आठवणाऱ्या बाहेरच्या घटनेला प्रसंग बांधा. स्कायलॅब कोसळणार म्हणून गावोगाव घबराट होती ती जुलै १९७९ ची. रविवारी सकाळी टीव्हीसमोर अख्खी गल्ली बसवणारी रामायण मालिका जानेवारी १९८७ ला सुरू झाली. गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या तो दिवस २१ सप्टेंबर १९९५ चा. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. "टीव्ही आला होता का तेव्हा?" या एका प्रश्नावर निम्मे वाद मिटतात आणि उरलेले नव्याने सुरू होतात, तेही लिहून घ्या.

भाषेचं. संवाद अहिराणीत, कथन तुमच्या नेहमीच्या मराठीत, असं ठेवलं की वाचायला सोपं जातं. पण एक सापळा आहे आणि बहुतेक जण त्यात पडतात. अहिराणी फक्त आजीच्या, गड्याच्या, फजिती झालेल्या काकांच्या तोंडी द्यायची आणि शहाणी माणसं शुद्ध बोलणार! मग हसू प्रसंगाचं राहत नाही, बोलीचं होतं. त्या वर्षी तुम्हीही घरात अहिराणीच बोलत असाल, तर तुमची वाक्यंही अहिराणीत हवीत. वडील मास्तरांशी एक बोलत आणि घरात दुसरी, असं असेल तर तसंच दाखवा, त्यातही गंमत आहे. लेखनाच्या बाबतीत धुळ्याकडची, बागलाणातली आणि तुमच्याकडची उच्चारपद्धत सारखी नाही, तेव्हा तुमच्या घरात जसं बोलतात तसं लिहा. 'राहिना' की 'ऱ्हायना', जे ठरवाल ते शेवटच्या पानापर्यंत एकच ठेवा. यावल-रावेरकडच्या घरांतून लेवा बोली असेल तर तिलाही हेच लागू. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांची गाणी उतरवून घेतली आणि १९५२ मध्ये ती बोलीतच छापली गेली. खान्देशाबाहेरच्यांनी ती वाचली, तुमच्या नाशिककर मुलीलाही वाचता येईल. फार अडणारे पाच-सात शब्द असले तर शेवटी एका पानावर त्यांचे अर्थ द्या.

वडिलांकडून आणि आईकडून आणखी प्रसंग हवे असतील तर "लहानपणीची एखादी गंमत सांगा ना" असं विचारू नका. त्यावर "काय सांगायचं, गरिबी होती" एवढंच उत्तर येतं. वस्तू विचारा, जागा विचारा. दूध कुणाकडून यायचं? कुलूप कशाकशाला होतं? मार खाल्ल्यावर लपायची जागा कोणती? भरताची वांगी कशावर भाजायचे आणि ठेचायला बडगी कोण घ्यायचं? कोणाची चप्पल कोणाला यायची? जुना फोटो टेबलावर ठेवून मागे उभा असलेला माणूस कोण एवढंच विचारलं, तरी अर्धा तास निघतो. एका बैठकीत एक किंवा फार तर दोन माणसं घ्या, चार असली की मोठा आवाज असलेल्याचीच आठवण खरी ठरते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी थांबा, थकलेला माणूस ठरावीक किस्सेच पुन्हा सांगतो.

ध्वनिमुद्रणाला साधा फोन पुरे, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखा-कूलरचा आवाज सगळं गिळून टाकतो आणि तो बंद करा म्हणायची सोय नसते. म्हणून सकाळी सातच्या आत ओट्यावर बसा, नाहीतर पाऊस पडून गारवा आल्यावर. फोन घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक ठोका बंदुकीसारखा ऐकू येतो. विमान मोड लावा, नाहीतर ऐन रंगात जावईबापूंचा फोन येतो. मुद्रण सुरू आहे हे आधी सांगा. त्याच दिवशी फाइलला तारीख आणि नाव द्या आणि दुसरी प्रत दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर ठेवा.

काय घ्यायचं नाही हेही ठरवून टाका. एक कसोटी पुरते : त्या माणसाने हा प्रसंग व्याह्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितला असता का? अंथरूण ओलं करणं, नापास होणं, कुणाचं जमता जमता मोडलेलं लग्न, रंगरूप, आलेल्या सुनेला पहिल्या वर्षी झालेला जाच, हे मैफलीत कितीही हसून सांगितलं जात असलं तरी छापील पानावर ते हसू टिकत नाही. मार खाल्ल्याचे प्रसंग मार खाणाऱ्याने सांगितले तरच घ्या, मारणाऱ्याने किंवा बघणाऱ्याने नको. गेलेल्या माणसांबद्दल त्यांच्या मुलांना विचारा, एकालाच नाही, सगळ्यांना. आणि टोपणनावांबद्दल तर प्रत्येकालाच विचारा. तुमच्या पत्रातही असं एक टोपणनाव आहे, ते कसं चिकटलं हे आठवून पाहा.

छपाईचं थोडक्यात. बारा प्रसंग सरासरी चारशे शब्दांचे धरले तर ४८०० शब्द होतात. ए-५ आकारात १४ पॉइंटचं अक्षर घेतलं (वडिलांच्या वयाच्या वाचकांसाठी त्याखाली जाऊ नका) की पानावर सव्वादोनशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे २२ पानं. फोटोंची आठ, नाव-अनुक्रम-शब्दार्थ यांची सहा. मधोमध पिना मारायच्या तर पानसंख्येला चारने भाग जायला हवा, तेव्हा चार पानं कोरी धरून ४० करा. शंभराच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाईच परवडते. जुना लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट सावलीत, दाराशेजारी, फ्लॅश बंद करून टिपा. आणि प्रेसला पाठवताना फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअॅप तो लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सर्वांत जास्त घोळ अक्षरांचा होतो. तालुक्याच्या गावातल्या अनेक प्रेसमध्ये अजून जुने फाँट वापरतात. तुमचा युनिकोड मजकूर त्यात बदलून घेताना 'ऱ्या', 'ऱ्ह', 'ॲ', 'श्र' ही अक्षरं तुटतात, आणि तुमचा 'सोऱ्या', 'बिचाऱ्या' सगळं त्यातलंच. म्हणून मजकूर स्वतःच पानं पाडून पीडीएफ करून द्या. ते जमत नसेल तर एक छापील प्रत आधी मागवा आणि स्क्रीनवर न तपासता कागदावर, पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचा. तपासणारी व्यक्ती अहिराणी जाणणारी हवी, नाहीतर 'झोपेल' चं कुणीतरी 'झोपले' करून टाकतं.

कोरी चार पानं शेवटी राहू द्या. कानबाईला पुस्तिका हातात पडली की लोक तिथल्या तिथे आपापलं घालायला लागतील. त्यासाठी आतला कागद ८० जीएसएमचा मॅपलिथोच (साधा, न चकाकणारा) घ्या. दुकानदार चकचकीत आर्ट पेपर सुचवेल, फोटो त्यावर उठून दिसतात हे खरं, पण त्यावर बॉलपेन घसरतो आणि शाईच्या पेनाने लिहिलेलं हाताला लागून पसरतं.